उंबरठ्यावरचं पाचवं बोट

१४ एप्रिल १९९६
आज सकाळी उधना स्टेशनवर उतरलो. मुलगा चेतन रिक्षा घेऊन आला होता. लिंबायतमधली खोली पाहून जीव सुखावला. वरच्या मजल्यावर आहे, मोरी आतच, गॅलरीकडे गजांची एक खिडकी आणि एकच दार. खाली यंत्रमागाचा कारखाना. माग सुरू झाले की भांडीसुद्धा फळीवर थरथरतात आणि शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. चेतन म्हणाला, आठवड्यात सवय होईल.

सूनबाई चंचल हिला सातवा महिना आहे. तिला माहेर राहिलेलं नाही. चेतन दिवसभर कारखान्यात, म्हणून सोबतीला मला बोलावलं. तिने मला आवडतात तशी कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. बायको, वत्सला, गेल्यापासून असं गरम कोणी वाढलं नव्हतं.

मी सारखा काळजी करतो म्हणून चेतनने ही डायरी दिली. म्हणाला, मला विचारत बसता ते यात लिहा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर बरं आहे.

१६ एप्रिल
आज कारखान्याला सुट्टी. समोरच्या ओळीतल्या मालतीबाईंकडे दुपारी व्हिडिओ आणला होता. खिडकीला गोधडी लावून अंधार केला. कॅसेटवाल्या मगनभाईने दोन हिंदी पिक्चरांवर एक इंग्रजी फुकट दिला. जुना, काळा-पांढरा, रक्त पिणाऱ्या भुताचा. भाषा कोणालाच येईना, म्हणून मगनभाई टीव्हीशेजारी बसून अर्थ सांगत होता.

ते भूत काळ्या कोटातलं, पांढऱ्या चेहऱ्याचं. घरातल्या माणसाने बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. एक म्हातारा त्याला पाहुणा समजून आत घेतो. मग त्या घरातली तरुण बाई दिवसेंदिवस पांढरी पडत जाते, आणि भूत हळूहळू त्या म्हाताऱ्यासारखं दिसू लागतं. शेवटी ती बाई दिवा घेऊन जिना उतरते आणि तिथेच कॅसेट चुरगळलेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेवट कोणालाच दिसला नाही.

नंतर चहावर सगळ्यांनी मतं दिली. किसन मागावरचा कामगार. तो म्हणाला, भूत फार सभ्य आहे बुवा, विचारून आत येतं, आमचा शेठ तर दार लोटूनच येतो. मगनभाईला पिक्चर मुळीच भीतीदायक वाटला नाही, त्याच्या मते कोट चांगला होता. चंचलला त्या बाईची दया आली. मालतीबाई म्हाताऱ्यावरच चिडल्या होत्या.

“मी असते ना, तर आधी विचारलं असतं, कोणाचा, कोणत्या गावचा. असं कोणालाही या म्हणायचं असतं का, निंबाआबा?”

मला त्या म्हाताऱ्याचं फारसं चुकलं असं वाटलं नव्हतं. दारात आलेल्याला माणूस आणखी काय म्हणणार?

२० एप्रिल
आखाजी, पितरांना जेवू घालायचा सण. गावाबाहेरची माझी पहिलीच. तरी सगळं रीतीने केलं. नवी घागर भरली, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोरी. उंबरठा धुऊन एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढलं. वडील, आई, भाऊ सुकदेव, वत्सला. चार बोटं झाली.

मग मनात आलं, खोली आपली नाही. आपल्याआधी इथे कितीतरी जण राहिले असतील, एखादा इथेच गेलाही असेल. त्यांना घास न देता आपण जेवायचं हे बरं नाही. म्हणून पाचवं बोट ओढलं आणि म्हणालो, या घरातलं जे कोणी असेल त्यानेही यावं, जेवावं.

चेतन हसला. म्हणाला, आबा, भाडेकरूंनाही आवतण? पण मला समाधान वाटलं. विस्तवावर पितरांच्या घासाची आगारी टाकली तेव्हा धूर दाराकडे गेला नाही, आतच फिरत राहिला. खोलीला वारा नाही, त्यामुळे असेल.

२३ एप्रिल
चंचलचा चेहरा उतरला आहे. बांगड्या कोपराकडे सरकतात. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या.

दुपारी मी पर्वत पाटियाला जाऊन तिच्यासाठी खजूर आणला. परत आलो तर ती म्हणाली, आबा, तुम्ही किती वेळ उशाशी बसला होतात, हात फार गार होता तुमचा. मी म्हणालो, पोरी, मी तर आत्ता आलो. तिला वाटलं मी थट्टा करतो. तिच्या मानेवर कुंकवाची एक रेघ होती, बोटाएवढी. पुसली तर खालची कातडी पांढरी.

उंबरठ्यावरची चार बोटं येण्याजाण्याने पुसली गेली आहेत. पाचवं ओलं आहे.

२५ एप्रिल
त्या पिक्चरचा शेवट कळला पाहिजे. सकाळपासून तेच विचारत फिरलो. मगनभाईने कॅसेट पुन्हा लावून दाखवली. बाई जिना उतरते, मुंग्या. त्याच्या मते शेवटी सगळे घर सोडून जातात. किसन म्हणतो ऊन लागलं की भूत जळतं, त्याच्या भावाने नवागामला हा पिक्चर पुरता पाहिलाय. मालतीबाईंचं मत, ज्याने बोलावलं त्यानेच नाव घेऊन जा म्हणायचं.

मालतीबाईंचं खरं वाटतं. पण नाव? घरमालकाला विचारलं, आधी खोलीत कोण होतं. तो म्हणाला, काका, इथे माणसं येतात नि जातात, नावं कोण ठेवतं. एक जण तापाने गेला होता खरा. गावाकडचं कोणी न्यायला आलं नाही.

मी नाव न घेता बोलावलं. नाव न घेता पाठवायचं कसं?

२६ एप्रिल
खुंटीवरची माझी दुसरी टोपी नाही. धोतरही नाही.

खिडकी सताड उघडली. भर दुपारचं ऊन थेट घागरीपर्यंत आलं. तो उन्हातच बसला होता. पाठ माझ्याकडे. पाठीला माझ्यासारखाच बाक. जळला नाही. किसनच्या भावाने काय पाहिलं कोण जाणे.

मी हात जोडले. म्हणालो, जेवण झालं, आता जा. पाहुण्याला असं कधी म्हटलं नव्हतं, जीभ अडखळली. तो माझ्यासारखा खाकरला. तसाच, दोनदा. वळला नाही.

चेतनला सांगितलं. तो चिडला. म्हणाला, पिक्चर पाहून तुमचं डोकं फिरलंय, चंचलला घाबरवू नका.

२७ एप्रिल
चंचलला मालतीबाईंकडे ठेवलं आहे. मीच चेतनच्या पाया पडलो. बापाने लेकाच्या. तेव्हा ऐकलं. तिला दोघांनी धरून नेलं, चालवत नव्हतं. उंबरठ्याशी तो उभा होता. तिच्यामागे पाय टाकला नाही. त्याला तिथे कोणी बोलावलेलं नाही.

ती वाचली. या घरात मी आहे आणि तो आहे. ठीक आहे. मी राहीन त्याच्यासोबत.

आरशात दाढी करायला बसलो. माझा चेहरा फिका दिसतो, जुन्या फोटोतल्यासारखा.

२८ एप्रिल
सकाळी मालतीबाईंच्या दारात जाऊन बजावलं, कोणालाही आत घेऊ नका. मलासुद्धा. त्या हसल्या. म्हणाल्या, आबा, तुम्हाला कोण नाही म्हणेल, सुनेला बघायला केव्हाही या.

मी ओरडलो. नको, मला मुळीच घेऊ नका. लोक जमले. चेतन कारखान्यातून पळत आला, दंड धरून मला घरी आणलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावलं. माझ्या भल्यासाठी, म्हणाला. संध्याकाळी उघडणार.

माग सुरू आहेत. दार ठोकून काय होणार?

तो कोपऱ्यात. आता तोंड माझ्याकडे आहे. मी बघत नाही.

२९ एप्रिल
आजही चेतन कुलूप लावून कामाला गेला. कालपासून ओरडून घसा बसला. हवा येते, शब्द नाही.

कोपरा रिकामा—

त्याला कुलूप कसलं. इथून जायला त्याला कोणाचं बोलावणं लागत नाही. मालतीबाईंकडे शिरायलाच लागेल.

खिडकीतून दिसतो. गॅलरीतून समोरच्या ओळीकडे निघाला आहे. माझी टोपी, माझं धोतर. भिंत धरत, माझ्यासारखा—

गज हलवले. मागांच्या आवाजात काही—

पॉवर गेली. माग थांबले. सगळं शांत. आता हाक ऐकू जाईल आणि माझ्याकडे आवाज नाही. आवाज त्याच्याकडे आहे. दारात उभा राहून दोनदा खाकरला. म्हणाला, “मालतीबाई, चंचलला बघायला आलो. आत येऊ का?”

ताट गजांवर आपटतो आहे. एका हाताने लिहितो, कोणाला तरी कळलं पाहिजे की तो मी नाही— मालतीबाईंनी इकडे पाहिलं, पण उन्हातून आतल्या अंधारातला मी त्यांना दिसलो नाही. तो म्हणाला, मांजर असेल.

आतून चंचलचा आवाज. आबा आले का, म्हणते.

मालतीबाई हसल्या. पदर डोक्यावर घेतला. बाजूला सरकल्या. नाही म्हणा, बाई, कोणाचा, कोणत्या गावचा विचारा, तुम्हीच म्हणाला होतात—

म्हणाल्या, “या—