होडीतली पुढची फळी

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. मी पालीच्या शाळेत, तुम्ही रत्नागिरीच्या मोजणी खात्यात, आणि संध्याकाळी दोघंही एकाच स्वयंपाकघरात चहाला. लिहिल्या त्या चिठ्ठ्या. 'दूध तापवा', 'गॅसवाला येईल', असल्या. मग आज एवढा कागद घेऊन का बसले? माझा एक प्रश्न अडला होता. त्याचं उत्तर तुमच्याकडेच होतं आणि ते तुम्ही न सांगताच निघून गेलात.

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध. निखिल पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, बाबांचं फिशिंगचं सामान नुसतं पडून खराब होईल. दापोलीचे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनाही हाच नाद आहे. त्यांना देऊया?" मी हो म्हणाले. गेलेल्या माणसाची आवडती वस्तू ती आवड असलेल्याच्या हाती जावी, हे मला पटतं. ते रविवारी येणार आहेत. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी कपाटावरची लांब पिशवी पुसायला खाली काढली.

आत दोन रॉड निघाले.

एक माझ्या ओळखीचा. निखिलनं तुमच्या निवृत्तीला आणलेला, नऊ फुटी, चार तुकड्यांचा. मुठीचं बूच तुमच्या हाताच्या घामानं काळं पडलेला. पण दुसरा कुठला? त्याची मूठ कोरी होती. रिळावरची दोरी खाऱ्या पाण्याचा थेंबही न बघितलेली. चपलेतून अंगठा बाहेर आला तरी तुम्ही नवी चप्पल घेत नव्हतात. मग दुसरा रॉड कशाला?

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मुलांना विज्ञान शिकवण्यात उभी हयात गेली. प्रश्न समोर आला की उत्तर मिळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. निखिलला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. मग ठरवलं, आधी हा प्रकार काय आहे तो समजून घ्यायचा. तुमच्याच मोबाइलवर तुम्ही बघायचात ते व्हिडिओ लावून बसले.

तुम्ही होतात तेव्हा मी काय केलं? चेष्टा. गच्चीवर तुम्ही गळाच्या जागी लोकरीचा गोंडा बांधून सराव करायचात, आणि तो गोंडा नेमका माझ्या वाळत घातलेल्या कोकमांवर येऊन पडायचा. मी म्हणायचे, "कोकमं लागली गळाला." जेवायच्या टेबलाला ती छोटी पकड लावून तुम्ही गळावर कोंबड्याची पिसं आणि बोकडाच्या शेपटीचे केस दोऱ्यानं गुंडाळून खोट्या कोळंब्या करत बसायचात, तेव्हा म्हणायचे, "मासळी बाजारात जाऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे." तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि परत गुंडाळायला लागायचात. एकदा तरी उलट बोलायचं होतंत.

आणि माझ्या जांभळ्या साडीची जर कुठे गेली, तेही परवा कळलं. तुमच्या डबीतल्या निम्म्या खोट्या कोळंब्यांच्या पोटात ती चकाकतेय. विचारून कापली असतीत तर मी दिली नसती, हे खरं.

पण एक सांगा, यात एवढं भौतिकशास्त्र आहे हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी समजत होते, सगळे गरवतात तसंच हे. आपल्याकडे गरी टाकायची म्हणजे शिशाचा तुकडा जड, तो फेकला की त्याच्यामागून दोरा जातो. इथे सगळं उलटं! गळावरच्या पिसाला वजनच नाही. फेकायची ती दोरी. जाड, गुळगुळीत, वजनदार दोरी. पीस नुसतं तिच्या शेपटाला लटकून जातं. मध्ये पारदर्शक नायलॉन, जाडीकडून बारकीकडे उतरत गेलेलं, म्हणजे दोरीचा जोर हळूहळू विरतो आणि पीस पाण्यावर अलगद बसतं. हे समजलं तेव्हा मी चहा ओतायचा विसरले. "बाई, यात न्यूटन आहे," एवढं म्हणाला असतात तरी मी तुमच्या मागे गच्चीवर आले असते.

मग नंबरांचं कोडं सुटलं. तुमच्या रॉडवर आठ आकडा, दुसऱ्यावर सहा. जितका रॉडचा नंबर तितकाच दोरीचा हवा. मी मुद्दाम तुमची आठची दोरी सहाच्या रॉडला लावून बघितली. बिचारा वाकूनच राहिला, दोरी पुढे जाईना. आठ नंबर म्हणजे जिताड्याला, तांबोशीला पुरून उरेल असा, वाऱ्यातही दोरी रेटणारा. सहा नंबर हलका, बोयरं, पालू असल्या मध्यम माशांचा. तो तासभर चालवला तरी खांदा भरून येत नाही. मला वाटलं, वय झालं म्हणून तुम्ही हलका घेऊन ठेवलात. उत्तर सापडलं असं समजून मी खूश झाले.

आणि मग, माझी हौस बघा, गच्चीवर जाऊन तो सहा नंबर फेकायला लागले. सगळेच व्हिडिओवाले एकच सांगतात. मनगट मोडायचं नाही. अंगठा मुठीवर सरळ ठेवायचा. रॉड घड्याळाच्या दहापासून दोनपर्यंतच हलवायचा आणि तिथे खाडकन थांबवायचा. थांबवलं की रॉडमधला जोर दोरीत उतरतो. सगळ्यात अवघड काय, सांगू? दोरी मागे गेली की ती पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. मागे वळून बघायचं नाही, हाताला ओढ लागली की समजायचं. घाई केली तर दोरीचा चाबकासारखा फटाका वाजतो आणि गोंडा तुटून शेजाऱ्यांच्या आंब्यावर जातो. माझे चार गोंडे तिथे आहेत. मला थांबता येत नाही, हे तुम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतंत.

पण त्याआधी मी एक उद्योग करून ठेवला होता. तोच कबूल करायचा आहे.

तुमच्या रिळाचं हँडल डाव्या बाजूला आहे. उजव्या हातानं रॉड धरायचा, डाव्यानं गुंडाळायचं. सहा नंबरच्या रिळाचं हँडल मात्र उजवीकडे. मला वाटलं, दुकानदारानं उलटं बसवलंय आणि तुम्ही कंटाळा करून तसंच ठेवलंय. म्हणून वापरलं नसेल! झालं, मास्तरीणबाईंचा लाल पेन बाहेर आला. रीळ उघडलं, आतलं चाक फिरवलं, सगळी दोरी काढून परत नीट गुंडाळली. हँडल डावीकडे आलं. दोन्ही रॉड एकसारखे झाले. दुपारभर खपून चूक सुधारली, आणि एवढं समाधान वाटलं म्हणून सांगू.

त्यानंतर दोन आठवडे मी उजव्या हातानं सराव केला आणि दोरी माझ्या कानावर, मानेवर, पाण्याच्या टाकीवर पडत राहिली.

काल सकाळी सदा बोयरं घेऊन आला. दर पंधरा दिवसांनी आणून देतो, नको म्हटलं तरी ऐकत नाही. सात वर्षं तुम्हाला भाट्याच्या खाडीत होडीतून फिरवलंन त्यानं, त्याला सवय लागलीय. मी गच्चीवर होते, तो वरच आला. थोडा वेळ बघत उभा राहिला.

"वयनी, ह्या हातानं का फेकताव?"

"मग कुठल्या हातानं फेकू?"

"साह्येब तर म्हनायचे, ती काठी डाव्या मानसाची हाय."

मी दोरी गुंडाळायची थांबले. विचारलं, "तुझ्यासमोर कधी काढली होती त्यांनी?"

"काडली नाय कवाच. पन दर खेपेला आनायचे. साह्येब मागल्या फळीवर. मी मदी, वल्ह्याशी. म्होरली फळी मोकळी. मी येकदा म्हटलं, म्होरं बसा की, मासा म्होरं आदी गावतो. तर म्हनाले, ती जागा डाव्या मानसाची. किनारा उजव्या अंगाला ठेवला, म्होरं डावा बसला नि मागं उजवा, की दोगांच्या दोऱ्या भायेरनं जातात. मदी तुज्या डोक्यात गळ घुसायचा नाय."

तो गेल्यावर मी जमिनीवर खडूनं होडी काढली. खरंच सांगते, काढली. कांदळवनाच्या कडेनं, किनारा उजवीकडे ठेवून चाललेली. दोघंही किनाऱ्याकडे तोंड करून. मागच्याचा उजवा हात होडीच्या मागच्या टोकाबाहेर येतो, पुढच्याचा डावा हात पुढच्या टोकाबाहेर. मधला वल्हेवाला सुरक्षित. मोजणी खात्यातला माणूस, जागा आखून ठेवलीत तुम्ही. मला न विचारता.

पण तुम्हाला कळलं कसं? मी डावखुरी आहे हे माझ्या मुलालाही माहीत नाही. लहानपणी डावा हात पुढे आला की आई त्यावर चापट मारायची. देवाचं उजव्यानं, जेवण उजव्यानं, हळदीकुंकू उजव्यानं, पाटीवरची पेन्सिल तर उजव्यानंच. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत मी पूर्ण सुधारले होते. मी रीळ सुधारलं तेवढ्याच समाधानानं आईनंही सुस्कारा सोडला असेल.

काल दिवसभर आठवत बसले. शेवटी आठवलं. परसातल्या आंब्यावर वानरं येतात तेव्हा मी दगड मारते. त्या वेळी विचार करायला सवड नसते, हात आपोआप उठतो. डावा. तुम्ही एकदा मागच्या पायरीवर उभे होतात. दगड वानराच्या शेजारच्या फांदीवर बसला, जिथे बसायला हवा होता तिथेच. तुम्ही म्हणालात, "नेम चांगला आहे तुझा." मला वाटलं, थट्टा करताय. मी म्हणाले, "उभे काय राहिलात, तुम्हीही मारा."

आणि मग त्याच आठवड्यात कधीतरी तुम्ही विचारलंत, "उद्या येतेस का होडीत? नुसती बस." तेव्हा मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. "मला मासे खायला आवडतात, त्यांची वाट बघत बसायला नाही." तुम्ही हसलात. परत विचारलं नाहीत.

अहो, इतकी वर्षं मी मनात काय धरून बसले होते, सांगू? मला वाटायचं, तुम्ही माझ्या बडबडीला कंटाळून खाडीवर जाता. निवृत्तीनंतर दिवसभर बायको समोर, म्हणून पहाटे उठून पळता. सगळी चेष्टा त्या रागातून होती. तुम्ही जेवून आडवे झालात आणि उठलाच नाहीत, त्यानंतरही मी हेच धरून बसले होते. श्राद्धाचं सामान लिहून काढताना सुद्धा. आणि तुम्ही तिकडे माझी जागा मोकळी ठेवून मागे बसला होतात.

का नाही सांगितलंत? रॉड आणून समोर ठेवायचा होतात. मी भांडले असते, साडीच्या जरीवरून तर नक्कीच भांडले असते, पण हातात घेऊन तरी बघितला असता. की तुम्हालाही दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबायचं होतं? मग जरा जास्तच थांबलात. हे माझं तुमच्यावरचं गाऱ्हाणं आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

आज सकाळी रीळ परत उघडलं. हँडल उजवीकडे आणलं, तुम्ही ठेवलं होतंत तसं. गच्चीवर गेले. डाव्या हातात रॉड, उजव्यात दोरी. आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत नाही ना. या वयात! पहिल्या दोन फेकी वाया गेल्या. तिसरी मागे गेली, हाताला ओढ लागली, आणि मी काही ठरवायच्या आत हात पुढे आला. दोरी हवेत उलगडत गेली आणि गोंडा टाकीच्या पलीकडे टेकला, आवाज न करता. मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले. तुम्ही गेलात तेव्हाही इतकी रडले नव्हते. तेव्हा माणसं फार होती.

दापोलीच्या गृहस्थांना निरोप पाठवलाय. रविवारी तुमचा आठ नंबर त्यांना देईन. चांगल्या हातात जाईल, आणि तो माझ्या खांद्याला झेपणारा नाही. सहा नंबर द्यायचा नाही. तो माझा आहे.

उद्या भरती सकाळी आहे. मतलई वारा, जमिनीकडून येणारा, असेपर्यंत दोन तास मिळतील, असं सदा म्हणाला. वारा समुद्राकडून फिरला की नवख्या माणसानं फेकू नये, गळ आपल्याच डोक्यात बसतो, हे मी वाचलंय. मासा मिळेल असं मुळीच नाही. खोटी कोळंबी लहान लहान झटक्यांनी कशी ओढायची, ते अजून जमत नाही. तुमची ओढण्याची लय काय होती, हे सदाला विचारीन. त्यानं नीट बघितलं असेल तर.

तुम्ही एकदाच विचारलंत. दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी आले असते, असं काल दिवसभर स्वतःला सांगत होते. पण ते काही खरं नाही. पहिल्यांदाच यायला हवं होतं.

तेव्हा वचन देते. उद्या सहा वाजता मी भाट्याला येते. जेट्टीवर माणसं असतील, बायका असतील, कोणी म्हणेल बाई डाव्या हातानं काय करते. म्हणू देत. मी पुढच्या फळीवर बसेन, आणि मागे वळून बघणार नाही.

तुमची,
सुलभा