बाईचा मुक्काम

आत्याबाई, तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सून सासूला पत्र लिहायला बसली म्हणजे काहीतरी मागायचं असणार, असं तुम्ही म्हणाला असता. मागायचं काही नाही. तुमच्या नातीला कांजिण्या आल्या होत्या, ते दिवस सकाळपासून डोक्यातून जाईनात, एवढंच.

सहा वर्षांची होती. बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती. आणि आपलं घर पेठेतलं, तालमीशेजारचं. आपल्यात ‘जेवायला वाढू का’ एवढं विचारलं तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. फोडणी चरचरली की पोर कान दाबून किंचाळायची. वेणी घालणं म्हणजे रोजची कुस्ती. त्या आठवड्यात मात्र ती नुसती कोपऱ्यात बसून स्वतःचा हात चावत होती. दुखतंय म्हणून सांगणार कशी? झगा बदलताना पाठीवरचे फोड दिसले, तेव्हा अंग तापलं होतं आणि आदल्या दिवसापासून पोटात जेमतेम दोन घोट पाणी गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत प्यायली नाही तर सलाईन लावू, हातपाय मात्र बांधावे लागतील.

तुम्ही दाराला लिंबाचा डहाळा खोचलात आणि हुकूम सोडलात, “बाई आलीया घरात. आता फोडणी न्हाय, तळण न्हाय, वेणी न्हाय, आंघूळ न्हाय. कुणी वरडायचं न्हाय. आन पोरीला नको म्हणायचं न्हाय, ती करंल ते बाईचं करणं.” मी मॅट्रिक पास. म्हटलं, हा विषाणूचा आजार आहे, देवीबिवी काही नसते. तुम्ही म्हणालात, “मग तुझ्या इषाणूला बी गप बसाय सांग.”

घर गप्प झालं. शेजारणी उंबऱ्याबाहेरूनच परत जाऊ लागल्या. पोर पातेल्याचं झाकण भिंगरीसारखं फिरवत बसली आणि कुणी ते हिसकावून घेतलं नाही. त्याच दिवशी चारच्या सुमारास ती उठते, चरचरीच्या भीतीनं जिथं कधी पाऊल टाकत नव्हती त्या स्वयंपाकघरात येते, माझं मनगट धरते आणि माझा हात पाण्याच्या मडक्यावर नेऊन ठेवते. तीन फुलपात्रं पाणी प्यायली. मला हुंदका आला, तर तुम्ही डोळे वटारलेत. रडायचीसुद्धा बंदी होती.

नवव्या दिवशी खपल्या धरल्या, लिंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली, तरी दारावरचा डहाळा काही निघेना. सुकला की तुम्ही गुपचूप ताजा खोचायचात. वारणानगरच्या नोकरीवरून शनिवारी घरी येणारे तुमचे चिरंजीव बिनफोडणीचं वरण ओरपत माझ्याकडे केविलवाणं बघायचे. महिना होत आला तेव्हा शेजारणीनं बाहेरून विचारलं, “अजून गेली न्हाय व्हय बाई?” तुम्ही म्हणालात, “न्हाय की. तिला हितं बरं वाटतंय.” मी हळूच म्हटलं, आत्याबाई, देवीच्या नावावर खोटं बोलताय. “माझं मी बघतो तिच्यासंगं,” म्हणालात आणि तांदूळ निवडू लागलात. त्याच महिन्यात पोर पहिल्यांदा तुमच्या मांडीवर आपण होऊन बसली.

आता एक गोष्ट उरली. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहायचा धीर होतोय. तुमच्यामागं काही वर्षांनी आम्ही तिला पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी ह्या प्रकाराला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं, डहाळा निघाल्यावरही घरात तीच रीत राहिली हे ऐकून घेतलं, तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “घर शांत ठेवायचं, तिच्या कलानं घ्यायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्यानंच ही इतकी सावरलीय.” आत्याबाई, मी पदर सारखा केला आणि म्हणाले, “माझं मलाच सुचलं.” तुमची नात शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तिला बोलता येत नाही ह्याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.