जीभ काढलेला टाक

३ जून
मिळाली बाई एकदाची खोली. चाकणात, कंपनीपासून पायी दहा मिनिटं. मालकीण शालनबाई जुन्या गावातल्या. तोंडानं फटकळ, मनानं मऊ. मी शिफ्टला गेले की माझ्या चार वर्षांच्या रुपालीला कोण बघणार, ही काळजी होती. आमी हाय की, म्हणाल्या. बीडहून निघताना सगळ्यांनी उगाच घाबरवलं होतं.

५ जून
शालनबाईंच्या देवघरात टाक आहेत, चांदीवर उठवलेले देव. रोज त्यांना दुधाची अंघोळ, तेच दूध तीर्थ म्हणून सगळ्यांना. त्यांच्या मुलाला, शेखरला, भंगारात एक नवा सापडलाय. जाड, वेडावाकडा, त्यावर बाईचं तोंड, डोक्यावर साप, जीभ हनुवटीपर्यंत लोंबलेली. जागृत देवी म्हणे. मला बघूनच किळस आली. पण तीर्थाला नाही कसं म्हणायचं? प्यायले. दाताखाली रेती लागली.

११ जून
शी. आज तीर्थात केस होता, लांब, बुळबुळीत. त्या टाकावर पिवळी साय धरते, पुसली तरी धरते. शालनबाई ती बोटानं काढून पोरीला चाटवतात. बोलणार होते, पण मग पोरीला ठेवू कुठं? अडला हरी गाढवाचे पाय धरी. 

१४ जून
कंपनीतल्या सुजितला त्या टाकाचा फोटो दाखवला. तो हसला. म्हणाला, टाक कुठला, हे ग्रीक लोकांचं जुनं नाणं. ही मेदुसा, राक्षसीण. तिच्याकडे बघेल त्याचा दगड होतो, अशी त्यांची कथा. घरी येऊन शालनबाईंना सांगितलं. देवीला नावं ठिवू न्हाई, म्हणाल्या. शब्द जड निघत होते.

१५ जून
रुपालीच्या शीमध्ये खडे. गुळगुळीत, पांढरे. तिची जीभ बाहेरच राहतेय. लाळेला नासक्या दुधाचा वास. बोटानं आत ढकलली— थंड, खरखरीत. पुन्हा बाहेर आली.

१६ जून
शालनबाई देवघरापुढं बसल्यात. हलत नाहीत. खांद्याला हात लावला— नाही लिहवत.

दवाखाना
डॉक्टर विचारतायत, पोरीला काय दिलं. माझी जीभ दातांत मावेना, म्हणून लिहून दाखवते. तीर्थ. रोज. मला किळस येत होती, तरी पाजू दिलं. खोली जाऊ नये म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत— डॉक्टर, माझं राहू द्या. तिला आधी घ्या. तिची बोटं अजून मऊ आहेत. माझी पेनाभोवती—