लांब अमेरिकन गाडीची वाटणी

मी, पडदे आणि सीटकव्हरं शिवणारी, गल्लीत ‘पडदेवाल्या वहिनी’ म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे बाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यजमानांचं याबाबत वेगळं मत आहे, पण ते डॉक्टर नाहीत.

कलम १. घराच्या वरच्या मजल्यातला माझा हिस्सा मुलीला द्यावा. तिने तो विकावा, भाड्याने द्यावा, मला विचारायला येऊ नये. फक्त जिन्यात भिंत घालायची नाही. का, ते पुढे लिहिते.

कलम २. शेडमधली जुनी अमेरिकन गाडी. ही यजमान आणि धाकटे दीर यांनी मिळून हौसेने आणली. इंजिन उत्तम, पण आतली वीज पार गेलेली. छतातला दिवा, रेडिओ, घड्याळ, बटणावर चालणाऱ्या काचा, सगळं ठप्प. दोघांनी डॅशबोर्ड उघडला आणि तिथेच बिनसलं.

“सगळं मूळचं ठेवायचं,” यजमान म्हणाले. “कापडी वेष्टणाची वायरसुद्धा.”

“दादा, ही वायर आहे की उंदरांचं उरलेलं जेवण? नवी वायर टाकू, नवा फ्यूज बॉक्स बसवू.”

“घड्याळाला हात लावू नकोस.”

“ते बंद आहे!”

“बंद आहे, पण मूळचं बंद आहे.”

त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. यजमान स्टिअरिंग काढून वर घेऊन आले, दिरांनी किल्ल्या खाली कपाटात ठेवल्या. पुढे मजल इथवर गेली की जिन्यात भिंत घालून घर वेगळं करायचं ठरलं. गवंडी येऊन माप घेऊन गेला. त्याच दुपारी धाकटी जाऊ वर आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

“वहिनी, हे दोघे भिंत बांधायच्या आत आपण गाडी बांधून काढू.”

दोघे आपापल्या दुकानात गेले की आम्ही शेडमध्ये; स्टिअरिंग मी वरून आणायची, किल्ल्या ती खालून. तिने गाडीचा वायरिंगचा नकाशा भिंतीला चिकटवला आणि नव्या वायरी ओढल्या. मी त्या प्रत्येकीला जुन्या रंगाचं विणलेलं कापड शिवून चढवलं, गालिचा उचलून त्याखालून नेल्या, छताचं अस्तर पुन्हा ताणून बसवलं. फ्यूज बॉक्स नवा, पण डॅशबोर्डच्या कप्प्यामागे लपलेला. रेडिओची बटणं जुनी, पोट नवं. घड्याळ चालू झालं तेव्हा आम्ही दोघी त्याच्याकडे नुसत्या बघत बसलो.

चूक एकच झाली. छतातल्या दिव्याची आणि हॉर्नची वायर आपसात बदलली गेली. म्हणजे दार उघडलं की हॉर्न, आणि हॉर्न दाबला की छतात दिवा. हे कळलं रविवारी, दोघे घरी असताना. मी बॅटरी जोडली तेव्हा जाऊबाई डॅशबोर्डखाली उताण्या, पाय दाराबाहेर, वेणी एका पट्टीत अडकलेली. त्यामुळे दार बंद होईना आणि हॉर्न थांबेना. मी वेणी सोडवू की हॉर्न, काही सुचेना.

वरून यजमान एका चपलेनिशी धावत आले, खालून दीर अर्ध्या दाढीनिशी.

“दादा, बॅटरीची वायर काढ!”

“कुठली?”

“काळी!”

“अरे, इथे सगळ्याच काळ्या आहेत!”

“थांब, मी येतो. तू बॉनेट धर.”

हॉर्न थांबला. आपण एकमेकांशी बोललो, हे दोघांच्या एकदमच ध्यानात आलं. दोघे गोरेमोरे झाले. मग यजमानांनी कापडी वायरीवरून बोट फिरवलं. “बघ. मूळची.” दिरांनी कप्प्यामागे डोकावलं. “बघ. नवी.” दोघेही जिंकले. मला कोणी शाबासकी दिली नाही.

“आधी मला काढा!” जाऊबाई खालून ओरडल्या.

गवंडी आला, त्याच्याकडून भिंतीऐवजी शेडला गिलावा करून घेतला. गाडी कोणाच्या नावावर, यावर पुन्हा पेटणार असं दिसताच ती माझ्या नावावर केली. ती मी धाकट्या जावेला देते. यजमान आणि दीर यांना मागच्या सीटवर बसण्याचा तहहयात हक्क राहील. वायरिंगविषयी मत देण्याचा राहणार नाही.

कलम ३. शिलाई मशीन आणि सोल्डरिंगची कांडी मुलीला. दोन्ही चालवायला शिकणं बंधनकारक आहे.

कलम ४. कोपऱ्यावरच्या स्पेअरपार्टवाल्याने दर खेपेला “साहेब नाही आले?” असं विचारून चुकीचे रिले, म्हणजे विजेचे खटके, गळ्यात मारले. ते सगळे जपून ठेवले आहेत, त्यालाच परत द्यावेत. साहेबांच्या हस्ते.

कलम ५. बँकेतली शिल्लक यजमानांची. त्यांनी ती औषधपाण्यावर खर्च करावी, बंद घड्याळांवर नव्हे.

कलम ६. मला अखेरचं याच गाडीतून न्यायचं, असं दोघा भावांनी परस्पर ठरवलं आहे. मला मान्य नाही. त्या सीटचं कापड मी स्वतः निवडलंय, ते जिवंत माणसांनी बसून झिजवावं. त्या दिवशी दुसरं वाहन बोलवा, आणि गाडीत चौथी जागा रिकामी ठेवत बसू नका. दाखला देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाडी आवडते, त्यांना घ्या.

वरील मजकूर वाचून, दोन ठिकाणी हसून, खाली सही केली आहे.

सही: पडदेवाल्या वहिनी
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (कलम ६ आपल्याला आधी माहीत नव्हतं, असं सांगतात)
साक्षीदार २: गवंडी
स्थळ: राहतं घर, वरचा मजला
दिनांक: सात मार्च, मंगळवार