लइका धर के

मंगळवार, संध्याकाळ. हुडको, भिलाई

पिंके, नात असशील माही, पण जसं बोलतो तसंच लिहिजो. माह्या बोलण्याले इस्त्री करू नको.

आज चौथा दिवस, भाजीवाली रामबती आली नाही. फाटकाशी बसून बसून कंबर धरली.

मीच तिले म्हटलं होतं, तुह्या पोरीले बाळ झालं, दाखव की एकदा. जाता जाता ती ओरडली, "लइका धर के आहूं, दाई!" छत्तीसगढीत धर के म्हणजे घेऊन. बाळाले घेऊन येतो, माय, एवढंच. समोरच्या बाईनं मोबाईलवर नेमकं तेवढंच टिपलं न् कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, पोरं धरणारी फिरून राहिली म्हणून. धर के!

मले अक्षर येत नाही, म्हणून मी विचारतो, कोणाचं पोरगं गेलं? कोणाचंच नाही. तरी वॉचमननं तिले हाकललं.

काल तुह्या फोनवरून ग्रुपवर म्या स्वतः सांगितलं, ते बाळ म्याच बोलावलं होतं. सात अंगठे आले. अंगठेबहाद्दर मी, न् अंगठे देतात ते! एकीनं लिहिलं, "आजी, सावध राहा." कोणापासून, ते नाही लिहिलं.

मग आज म्हटलं, मीच जातो तिच्या घरी. तुही माय म्हणे, "कुठं राहते ती?"

नऊ वर्षं माह्या पायरीवर बसून तिनं माहं गुडघ्याचं रडगाणं ऐकलं. तिचं घर कुठं, हे म्या कधी विचारलंच नाही.