वाटीतला दगड

प्रिय मीरा,

आमच्या बौद्धांत आत्मा मानत नाहीत, तुला माहीत आहे. माणूस गेलं की गेलं, त्यानं केलेलं तेवढं मागे राहते. म्हणजे हे पत्र वाचायला कोणी नाही, हे लिहायच्या आधीच मला कळून आहे. पण तुमच्यात मानतात ना? मग तुझ्या मानण्यावर भरोसा ठेवून लिहून राहिले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, समजून घे. आणि हसू नको.

काल तुझ्या लेकानं, दिनेशनं, एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून माझं कशात मन नाही. सांगू कोणाला? जिला सांगायची ती पुसाच्या महिन्यात, भर थंडीत, छातीवर हात ठेवून बसली ती उठलीच नाही!

दिनेश नाशिककडून आला, दरवर्षीसारखा, जून लागता लागता. तिकडे वाईनच्या कारखान्यात कामाला आहे म्हटल्यावर तुझ्यासाठी एक बाटली आणणारच. यंदाही आणली. सवयीनं आणली, आणि दारात आल्यावर त्याला सुचेना की द्यायची कोणाला. माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, मावशी, आई करायची तसं तुम्हीच करा. फ्रीज, मिक्सर सगळं जागच्या जागी आहे.

मग तुझ्या घरी जाऊन मी केलं. टरबुजाच्या फोडी केल्या, बिया काढल्या, ताटात पसरून बर्फाच्या खणात ठेवल्या. कडक झाल्यावर मिक्सरमधून फिरवल्या, वाईन ओतली, साखरेचा पाक घातला, अर्धं लिंबू पिळलं आणि डबा परत खणात. तू करायचीस तसंच सगळं. तीन दिवस झाले मीरा, डबा उघडला की लगदा! चमचा टाकला की सरळ आत. मी लाइटला शिव्या घातल्या, तुझ्या फ्रीजला घातल्या. तुलाही घातल्या, खोटं कायले बोलू? माप कधी सांगितलं होतंस तू? विचारलं की म्हणायचीस, "अंदाजानं व." बारा वर्षं शाळेची खिचडी सोबत रांधली आपण, तिथं मला मीठसुद्धा अंदाजानं टाकू दिलं नाहीस!

पहिलं वर्ष आठवते का? शाळेला सुट्टी, घरचे लोक शेतावर, भर दुपार. तू मला बोलावलंस. स्वतःसाठी काचेच्या वाटीत ते लाल लाल बर्फाचं काढलंस आणि मला दिलंस स्टीलच्या गिलासात लिंबाचं शरबत. माझं टाळकंच फिरलं. पवारांच्या घरात बौद्धाच्या बाईला वेगळा गिलास! मी उभीच राहिले. "माह्या आजीनं वेगळ्या गिलासानं पाणी पेलं. मी नाही पेणार."

तुझं तोंड एवढंसं झालं. तू म्हणालीस, अव तसं नाही, हे दारूचं आहे म्हणून. मी ऐकते का कोणाचं? तू आत गेलीस, बऱ्याच वेळानं आलीस, आणि माझ्यापुढे तुझ्यासारखीच काचेची वाटी ठेवलीस. तसंच लाल. मी खाल्लं. गोड, आंबट, थोडं तुरट. मला वाटलं, वाईन अशीच लागत असेल. मी कुठं आधी पाहिली होती?

तेव्हापासून दर जूनला दोन वाट्या. मी खाल्लं की मला चढायची. हो, चढायची! कान गरम व्हायचे, बोलणं सुटायचं, हेडमास्तरच्या चालीची नक्कल करायची. तू हसून हसून पदर तोंडात कोंबायचीस. मला वाटायचं, हिलाही चढली. जाताना तू माझा हात धरून रस्त्याच्या मोडापर्यंत सोडायला यायचीस. "पाय नीट टाक व बेबी, लोक पाह्यतीन."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात माझी पंचाईत. सगळे पाच शीलं म्हणायचे. पाचवं नशेचं, दारूचं काही घेणार नाही, हे. ते आलं की मी खोकायची. इतकी वर्षं पाचव्या शीलावर खोकली मी! बाया विचारत, बेबीबाई, दमा आहे का? मी मनात म्हणायची, दमा नाही, मीरा आहे.

म्हणजे मी तुझ्यासाठी माझं शील मोडून राहिले होते, असं मी धरून चालले होते. त्याचा थोडा तोराही होता, आता कबूल करते. म्हणूनच वाटीचं मला जास्त लागलं. तुझी वाटी मऊ, चमच्यानं निघायची. माझी कडक. तू चाकूनं खरवडून खरवडून माझी वाटी भरायचीस. मला वाटायचं, वरचं वरचं स्वतः घेते, आणि मला डब्याच्या बुडाचं.

आणि मागच्या साली तर नुसतं ढेकूळ ठेवलंस पुढे. तुझा उजवा हात सुट्टीच्या आधी खिचडीच्या तापल्या गंज-पातेल्यानं भाजला होता. त्याला मलम मीच लावलं होतं! मला माहीत होतं तुला चाकू धरवत नाही. तरी चमचा ढेकळावरून घसरला आणि माझं तोंड सुटलं. तेव्हा मी काय बोलले ते दिनेशलाही सांगितलं नाही. इथं लिहिते.

"तुमच्या घरी आमच्या वाट्याले असंच येते. मऊ तुमाले, दगड आमाले."

तू आत गेलीस. बत्ता घेऊन आलीस. "थांब, फोडून देतो," म्हणालीस, डाव्या हातानं फोडायला लागलीस. मी वाटी तशीच ठेवून उठले. मोडापर्यंत एकटी गेले. त्या दिवशी मला चढली नव्हती, तेही ध्यानात आलं नाही.

मग शाळा उघडली. आपण बोललो, पण काय बोललो? दाळ शिजली का. तांदूळ निवडले का. दिवाळी गेली तरी तेच. मी म्हणायची, आधी ती बोलेल. तू काय म्हणायचीस, कोण जाणे.

काल डबा घेऊन मी दिनेशवर ओरडले, तुझी बाटलीच खराब आहे. तो हसला. "मावशी, वाईन असली का बर्फ कडक होतच नाही. आईचा डबा पण असाच राहे."

मी म्हटलं, "माही वाटी तर दगड राहे."

त्यानं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. मग म्हणाला, "तुमच्या वाटीत वाईन नव्हतीच, मावशी. कधीच नव्हती. आई जांभळाचा रस टाके. रंग सारखाच येते. आई म्हणे, बेबी सकाळी विहारात शीलं म्हणते, माह्या हातून तिचं पाचवं मोडाले नको. अन वेगळ्या गिलासात देल्लं तर तिचा जीव दुखते."

मीरा!

काऊन नाही सांगितलंस? एका शब्दाचं काम होतं! निदान त्या दिवशी तरी, मी तसं बोलल्यावर तरी? का मी ओरडेन म्हणून? ओरडलीच असती. पण मग मोडापर्यंत सोबत गेलो असतो ना! पाच मिनिटं आधी डबा बाहेर काढून ठेवला असतास तरी ढेकूळ मऊ झालं असतं. एवढी हुशार तू, तेवढं सुचलं नाही?

बघ, अजून तुलाच बोलून राहिले. दुसरं करता काय येते मला? माफी मागायची तर कोणापुढे? तुझ्या फोटोपुढे गेले, हार पाहिला आणि परत आले. फोटो काही म्हणत नाही, थांब, फोडून देतो.

आज विहारात गेले. पाचवं शील आलं. म्हणायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांत मी ते मोडलंच नव्हतं, तूच राखलं होतंस माझं. आणि आवाजच निघाला नाही. बाजूची म्हणाली, आज खोकला पण नाही का बेबीबाई?

तळ्याच्या पाळीवरचं जांभूळ पिकलं आहे. ऐक, मी कबूल करते. दर जूनला दोन डबे लावीन. मऊ डबा दिनेशच्या हातात देईन. दुसरा जांभळाचा, माझा. चाकू नाही लावणार, बत्ता नाही मारणार. काचेच्या वाटीत ढेकूळ घेऊन तुझ्या ओट्यावर बसेन. दात ठणकले तरी, दुपार गेली तरी, पूर्ण वितळेपर्यंत. या वेळी वाटी सोडून उठणार नाही.

कधीच न चढलेली,
तुझी बेबी
दवनीवाडा