आईचं डाएट

इंदापूर,
बुधवार

प्रिय राजवर्धन,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नकोस. कागद-पेन काढायची वेळ तूच आणलीस. फोन केला की तू स्पीकरवर टाकतोस आणि मागून चार अनोळखी माणसं ‘हाय ताई’ म्हणून ओरडतात. मेसेज केला तर त्याचा फोटो काढून जगाला दाखवतोस. राखीपौर्णिमेला मी ‘कधी येणार’ एवढंच विचारलं होतं, तर कोण कुठली नागपूरची बाई मला म्हणते, ताई, त्याला त्याची स्पेस द्या. तिला सांग, त्याला स्पेस दिली म्हणूनच तो घरदार सोडून गाडीत, चाकांवर राहतो. असो. शनिवारी हे दुकानाचा माल आणायला बारामतीला येतायत, त्यांच्या हाती हे देतेय. तुझ्या गाडीच्या वायपरखाली लावून येतील. वाच, आणि वाचताना कॅमेरा बंद ठेव.

तू बारामतीत येतोयस हे मला फ्लेक्सवरून कळलं. आपल्या स्टँडसमोरच लागलाय. दंड फुगवून उभा आहेस, हातात हिरव्या पाण्याची बाटली, आणि खाली लिहिलंय, ‘कायम प्रवासात राहूनही निरोगी कसं खावं, फिट कसं राहावं’. त्यावर दोन तास बोलणार म्हणे तू, आणि लोक तिकीट काढून ऐकणार. रविवारी सकाळी पुढे कोकणात. मधे घरी यायचं कुठंच लिहिलेलं नाही. बारामतीहून भिगवणमार्गे डाळज तासाभराचंही अंतर नाही. अप्पांना सांगितलं तर ते नुसते हसले आणि म्हणाले, “त्येला म्हनावं, हितल्या रस्त्याला टोल न्हाय लागत.”

आता बातमी सांगते. मागच्या आठवड्यात आई पेरूच्या बागेत चक्कर येऊन पडली. अप्पा पाण्याची मोटार बघायला गेले होते म्हणून सापडली, नाहीतर दुपारपर्यंत तिथंच पडून राहिली असती. भिगवणला दवाखान्यात नेली. डॉक्टरनं साखर तपासली तर पार उतरलेली. साखर कमी करायची गोळी बाई नेमानं घेते आणि वर जेवत नाही, मग दुसरं काय होणार? डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना दोन वेळा भाकरी सुरू करा, पुन्हा असं झालं आणि जवळ कोणी नसलं तर अवघड आहे. मी घरी येऊन भाकरी थापली, ताट पुढे केलं. तिनं ताटाला नमस्कार केला आणि भाकरी उचलून माझ्याच ताटात ठेवली.

आई भाकरी खात नाही हे तुला नवं नाही. उलट त्यावर तर तुझी केवढी वाहवा झाली. गेल्या दिवाळीत तू अर्ध्या दिवसासाठी आला होतास तेव्हा तिला चुलीपुढे बसवून सगळ्या महाराष्ट्राला दाखवलंस. ही माझी आई, पासष्टी ओलांडली, गेली कित्येक वर्षं भाकरी नाही, चपाती नाही, आणि बघा कशी काटक आहे, ही खरी शिस्त, माझा फिटनेस मला हिच्याकडून आलाय. ती बिचारी पदर नीट करून हसत होती. तुझं निम्मं बोलणं तिला कळलं नव्हतं, पण पोरगा कौतुक करतोय एवढं कळलं होतं. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. त्यानंतर शेजारच्या झुंबर मावशीनं भाकरी सोडली. धडधाकट बाई, दिवसभर कांदे काढणारी. तिसऱ्या दिवशी बांधावर डोकं धरून बसली, आणि सुनेनं दोन भाकरी पिठल्याबरोबर खायला घातल्या तेव्हा उठली. अजून आईला म्हणते, “द्वारकाबाई, तुमचं डायेट लई अवघड हाय बाई.”

तुझ्या शास्त्राबद्दल मी काय बोलणार, मी पडले दुकानदाराची बायको. पण त्याच खेपेला तू पेरूचे क्रेट डोक्यावर उचलायचा व्यायाम केलास तो मी डोळ्यांनी पाहिलाय. भरलेला क्रेट वर, खाली, वर, खाली, मोबाईल तिवईवर. आणि घाम पुसून क्रेट जिथल्या तिथं ठेवून दिलास. टेम्पो चार पावलांवर उभा होता, राजा. मार्केटला उशीर होतोय म्हणून अप्पा खोळंबले होते. तुझं आटोपल्यावर त्यांनी तेच क्रेट एकेक करून टेम्पोत चढवले, आणि तू गाडीच्या दारात बसून कसलीशी पावडर पाण्यात घोळत होतास. मधे आई तुझ्यामागून पाण्याची घागर घेऊन जायला लागली तर तू तिला हातानंच थांबवलंस, फ्रेममध्ये येतेय म्हणून. ती घागर कडेवर घेऊन तुझं संपेपर्यंत उभी राहिली. हे तुझ्या व्हिडिओत नाही, म्हणून सांगितलं.

आणि जेवण. तू येणार म्हटल्यावर आई आदल्या दिवसापासून नवी ज्वारी दळून आणते, घेवड्याची भाजी निवडते, ठेचा करते. तू येतोस, आणि दर वेळी काहीतरी नवं निघतं. एकदा काय तर म्हणे तुझी खायची वेळ संपली होती, आता दुसऱ्या दिवशी दुपारीच तोंड उघडायचं. एकदा पीठ बंद होतं. दिवाळीत तर खिशातून तो चिमुकला काटा काढलास आणि ताटाशेजारी ठेवून काकडी तोलायला लागलास. अप्पा म्हणाले, “सोनं हाय का रं त्ये?” तू हसलास, काकडी खाल्लीस, मोड आलेले मूग खाल्लेस आणि ताट बाजूला सारलंस. आईनं ते ताट उचललं, गोठ्यात गेली आणि भाकरी गाईला घातली. परत आली ती डोळे पुसतच. तू विचारलंस, काय झालं? ती म्हणाली चुलीचा धूर. तू लगेच कॅमेऱ्याकडे तोंड करून गॅस वापरण्याचे फायदे सांगितलेस.

तुला आठवतंय का, आपण भाकरीच्या पापुद्र्यासाठी कसे भांडायचो ते? तव्यावरून निघालेली टम्म फुगलेली भाकरी, आणि वरचा तो पातळ पापुद्रा कुणाचा यावर रोज मारामारी. मी मोठी म्हणून मला समजुतीचे चार शब्द मिळायचे आणि पापुद्रा तुला. त्यावर तेल-मीठ लावून तू दारात उभा राहून मला दाखवत दाखवत खायचास. तेव्हा तुझं पोट पुढे आणि शेंबूड खाली असायचा, आणि तुझ्याइतकं निरोगी पोर आख्ख्या डाळजात नव्हतं.

आता जे सांगतेय ते मला सांगायची बंदी आहे. तू नोकरी सोडून गाडी घेतलीस, पहिल्याच वर्षी तिकडे हिमाचलात तुला कावीळ झाली. तू दवाखान्यात आहेस एवढं कळलं आणि मग तुझा फोनच लागेना. आठवडाभर आम्हाला कळेना की तू आहेस की नाहीस. तेव्हा आई मला घेऊन नरसिंहपूरला गेली. संगमावर हातपाय धुतले, देवापुढे उभी राहिली आणि बोलली, माझं पोरगं बरं होऊन घरी येऊ दे, आपल्या तोंडानं भाकरी मागून माझ्या हातची पोटभर खाऊ दे, तवर मी भाकरीला शिवणार न्हाय. तू बरा झालास. घरीही आलास. भाकरी तेवढी मागितली नाहीस. तेव्हापासून तिचं ते डाएट चाललंय, ज्याची तू जाहिरात केलीस. भाकरीबरोबर चपातीही तिनं आपणहून सोडली, देवाला पळवाट नको म्हणून. भातावर चालत होतं, मग साखर निघाली आणि डॉक्टरनं भात बंद केला. आता भाजी, ताक आणि मूठभर शेंगदाणे. तू त्याला शिस्त म्हणतोस.

तुला सांगायचं नाही, ही तिची अट. सांगून खाल्लं तर ते मागून खाल्लं नव्हे. मी तिला पुन्हा नरसिंहपूरला नेलं, म्हटलं पुजाऱ्याला विचारू, काहीतरी तोड निघेल. पुजारी भला माणूस, म्हणाला नारळ ठेवा आणि मोकळ्या व्हा. तर ती तिथंच मला म्हणाली, “मी सबूद देवाला दिलाय, पुजाऱ्याला न्हाय.” मागच्या आठवड्यात दवाखान्यातून आणल्यावर अप्पांनी तिच्यापुढे हात जोडले. आजवर त्यांना हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. तरी तिचं एकच, “येईल की त्यो, भूक लागल्यावर येईल.” तुला भूक लागत नाही हे तिला कोण सांगणार? तुला वेळ झाली की खायचं ठाऊक आहे, वजन करून खायचं ठाऊक आहे. भूक तेवढी तू कुठल्यातरी घाटात टाकून आलायस.

हे पत्र त्यासाठी लिहिलंय. शनिवारी तुझं भाषण झालं की गाडी भिगवणच्या रस्त्याला लाव. घरी जा. मी सांगितलंय असं तोंडावर दिसू देऊ नकोस. अभिनय तुला येतो, रोज कॅमेऱ्यापुढे करतोस, त्या दिवशी एकदा त्याच्याशिवाय कर. चुलीपुढे जाऊन बस आणि म्हण, आई, भूक लागलीय, भाकरी दे. एवढंच. काटा गाडीत ठेव, मोबाईल गाडीत ठेव, तुझं ते हिरवं पाणी ओतून दे. पहिली भाकरी खा, दुसरी माग, आणि मग तिच्यासाठी तिसरी तूच ताटात वाढ. यात देवाला फसवल्यासारखं होत असेल तर ते माझ्या माथी, मी बोलून घेईन नरसिंहाशी. मी त्या दिवशी डाळजलाच असेन, पण मधे बोलणार नाही. पापुद्रासुद्धा मागणार नाही, तो तुझाच.

तुझीच, रागावलेली आणि वाट बघणारी,
संजूताई